शेगावचा गहू, मुंबईचे यीस्ट : पूरक जीवनसत्त्वांचा लाभ नेमका कोणाला?

१/२४
डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत लोकांचे केस गळू लागले. आधी डोक्याला खाज सुटे, मग केस राठ होत, आणि काही दिवसांतच टक्कल पडे. नुसता हात फिरवला तरी केसांचा पुंजका हातात येई. बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावे जानेवारी २०२५ मध्ये देशभरच्या वृत्तपत्रांत झळकली. पुढे बाधित गावांची संख्या अठरावर आणि बाधितांची संख्या पावणेतीनशेच्या वर गेली. त्यांत शाळकरी मुले होती, म्हातारी माणसे होती आणि लग्नाच्या वयाच्या मुलीही होत्या.

२/२४
केस गळू लागले की आजचा माणूस औषधाच्या दुकानात जातो आणि ‘केसांसाठी व्हिटॅमिनची गोळी’ मागतो. अशा अनेक गोळ्यांत बायोटिन, जस्त आणि सेलेनियम एकत्र असतात. शेगावच्या प्रकरणात पुढे जे निष्कर्ष समोर आले, त्यांनुसार रुग्णांच्या शरीरात जस्त कमी होते आणि सेलेनियम विषारी ठरेल इतके जास्त होते. म्हणजे एकाच गोळीत त्यांना हवे असलेले द्रव्यही होते आणि त्यांना बाधलेले द्रव्यही. पूरक जीवनसत्त्वे व खनिजे कोणाला लाभतात, या प्रश्नाला महाराष्ट्रात जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

३/२४
आरंभ मुंबईतून. १९१२ मध्ये पोलिश रसायनशास्त्रज्ञ काझिमिर फुंक याने ‘व्हिटामिन’ हा शब्द रूढ केला. पोट भरलेले असूनही माणूस आजारी पडू शकतो आणि त्याचे कारण अन्नातील अत्यल्प प्रमाणातील एखाद्या द्रव्याचा अभाव असू शकतो, ही कल्पना तेव्हा नवी होती. १९२० च्या दशकात हिंदुस्थानातील वैद्यकीय संशोधनाची सूत्रे इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या संस्थेकडे होती. आजच्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजेच आयसीएमआरची, ती पूर्वसूरी. या संस्थेपुढील एक गंभीर प्रश्न होता गरोदरपणात आणि बाळंतपणात होणाऱ्या मृत्यूंचा.

४/२४
मुंबईच्या प्रसूतिगृहांत एक विशिष्ट पंडुरोग वारंवार आढळत असे. रक्तातील तांबड्या पेशींची संख्या घटलेली, पण प्रत्येक पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठी. गिरण्यांत राबणाऱ्या आणि दाटीच्या वस्तीत राहणाऱ्या गरीब गर्भवतींमध्ये त्याचे प्रमाण अधिक होते. अनेकींना तो जिवावर बेतत असे. डॉ. मार्गारेट बाल्फोर या स्कॉटिश डॉक्टर या मातामृत्यूंच्या चौकशीत अग्रभागी होत्या. त्यांच्या पुढाकाराने १९२८ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील डॉ. ल्युसी विल्स मुंबईत आल्या. त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत काम सुरू केले. लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टचे अर्थसाहाय्य त्यांना लाभले.

५/२४
विल्स यांचा जन्म १८८८ चा. केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूशास्त्राचा अभ्यास केला होता. वैद्यकाकडे त्या नंतर वळल्या. मुंबईत त्यांनी प्रथम रोगजंतूंचा संशय घेतला आणि रुग्णांच्या विष्ठेच्या तपासण्या केल्या. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. मग त्यांनी प्रश्नाची दिशा बदलली. या स्त्रिया काय खातात, कशा घरांत राहतात, याची पाहणी त्यांनी हाती घेतली. एम. एम. मेहता आणि एस. एन. तळपदे या सहकाऱ्यांसह लिहिलेले त्यांचे निबंध १९३० मध्ये प्रसिद्ध झाले. दूध, फळे आणि भाज्या ज्या आहारात जवळजवळ नव्हत्या, तेथे हा पंडुरोग अधिक दिसत होता.

६/२४
त्या काळी पंडुरोगावर एक नवा, गाजलेला उपाय होता. अमेरिकेतील मायनट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले होते की ‘पर्निशियस ॲनिमिया’ हा तोवर असाध्य मानलेला रोग यकृत खाऊ घातल्याने आटोक्यात येतो. याच कार्याबद्दल १९३४ मध्ये व्हिपल यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईच्या गर्भवतींचा रोग सूक्ष्मदर्शकाखाली याच रोगासारखा दिसत होता. मात्र यकृताचा शुद्ध केलेला अर्क, जो पर्निशियस ॲनिमियावर गुणकारी होता, तो या स्त्रियांना लागू पडेना. कच्चा, कमी शुद्ध केलेला अर्क मात्र लागू पडे. शुद्धीकरणात गळून जाणारे असे काहीतरी त्यात होते.

७/२४
ते ‘काहीतरी’ शोधण्यासाठी विल्स यांनी नीलगिरीतील कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये प्राण्यांवर प्रयोग केले. मुंबईतील गरीब मुसलमान स्त्रियांचा जसा आहार, तसाच आहार उंदरांना दिला. गाभण उंदरांना पंडुरोग झाला आणि आहारात यीस्ट घालताच तो टळला. पुढे कळले की उंदरांच्या पंडुरोगात उवांमधून पसरणाऱ्या एका जंतुसंसर्गाचाही हात होता. प्रयोगाचा पाया त्यामुळे डळमळला. तरीही त्यांनी यीस्टचा माग सोडला नाही. पुढची पायरी माकडांची होती. तेथे त्यांनी यीस्टचा स्वस्त अर्क वापरला. इंग्लंडात पावाला लावून खाल्ला जाणारा तो खारट, काळपट पदार्थ म्हणजे मार्माइट. त्याने माकडाचा पंडुरोग बरा झाला.

८/२४
मग तोच अर्क मुंबईच्या रुग्ण स्त्रियांना देण्यात आला. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मरणाच्या दारातून स्त्रिया परत येत होत्या. यीस्टमधील या अज्ञात द्रव्याला पुढे ‘विल्स फॅक्टर’ असे नाव मिळाले. १९४१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढले आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘फॉलिक ॲसिड’ म्हटले. १९४५ मध्ये लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाचे नेतृत्व आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव करत होते.

९/२४
विल्स यांच्या कामातील एक बारकावा या धाग्याच्या मुळाशी आहे. दोन रोग सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसत होते, पण उणीव वेगळी होती. मुंबईच्या गर्भवतींत फॉलिक ॲसिड कमी होते. पर्निशियस ॲनिमियाच्या रुग्णांत जे कमी होते, ते द्रव्य १९४८ मध्ये सापडले आणि त्याला ब-१२ जीवनसत्त्व हे नाव मिळाले. एकीचे औषध दुसरीला देऊन भागत नव्हते. ‘पंडुरोगाची गोळी’ अशी एकच गोळी असू शकत नाही, कोणाला काय कमी आहे ते आधी पाहावे लागते, हा धडा मुंबईच्या प्रसूतिगृहांनी दिला होता.

१०/२४
हा धडा विसरण्याची किंमत लवकरच कळली. फॉलिक ॲसिड बाजारात येताच डॉक्टरांनी ते पर्निशियस ॲनिमियाच्या रुग्णांनाही दिले. रक्त सुधारले. रुग्णाच्या चेहऱ्यावर लाली आली. पण अनेकांच्या हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे ही मज्जातंतूंच्या ऱ्हासाची लक्षणे वाढतच गेली. ब-१२ ची उणीव रक्तात झाकली गेली होती आणि मज्जारज्जूत ती आपले काम करत होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस वैद्यकाने हे नोंदवले. योग्य गोळी चुकीच्या माणसाला दिली तर तपासणीचा अहवाल चांगला येतो आणि माणूस मात्र पंगू होतो, हे त्यातून दिसले.

११/२४
स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न प्रयोगशाळेतून शासनाकडे आला. कुन्नूरला १९१८ मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी सुरू केलेले पोषणसंशोधनाचे काम १९५८ मध्ये हैदराबादला हलवण्यात आले. १९६९ पासून ती संस्था राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. १९७० मध्ये दोन राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले. पहिला, गर्भवती व इतरांना लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देण्याचा. दुसरा, अंधत्व टाळण्यासाठी लहान मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस पाजण्याचा. आरोग्य उपकेंद्रातून मिळणारी गोळी आणि चमच्याने पाजले जाणारे ते औषध खेडोपाडी ओळखीचे झाले.

१२/२४
शासनापुढची अडचण खरी होती. कोट्यवधी स्त्रियांच्या रक्ताची तपासणी करणे अशक्य होते. म्हणून ज्या गटात उणीव सर्रास आढळते, त्या संपूर्ण गटालाच गोळी द्यायची, असे धोरण ठरले. गर्भवतीसाठी ते योग्यच होते, कारण गर्भारपणात लोह व फॉलिक ॲसिडची गरज वाढते. तरीही जवळपास पन्नास वर्षांनी, २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया पंडुरोगी आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के होते. काही ठिकाणी गोळी पोचली नाही, काही ठिकाणी ती खाल्ली गेली नाही. आणि लोहाच्या अभावाशिवाय जंत, हिवताप, आनुवंशिक रक्तदोष, ब-१२ ची उणीव अशी इतर कारणे जेथे होती, तेथे ती अपुरी पडली.

१३/२४
दरम्यान फॉलिक ॲसिडच्या लाभार्थ्यांची यादी अनपेक्षित दिशेने वाढली. गर्भातील बाळाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतो, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. ती नीट मिटली नाही तर बाळ जन्मतः व्यंग घेऊन येते किंवा जगत नाही. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतील ३३ केंद्रांत एक चाचणी घेतली. पूर्वी असे बाळ झालेल्या स्त्रियांना त्यात गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिले गेले. १९९१ मध्ये निष्कर्ष आला : पुन्हा तसे व्यंग होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला. मात्र गोळी वेळेत हवी. बहुतेक स्त्रियांना दिवस गेल्याचे नक्की कळते, तोवर ती नलिका मिटत आलेली असते.

१४/२४
आता पुणे. १९९३ मध्ये केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक दीर्घ अभ्यास सुरू केला. स्त्रियांची नोंद गर्भधारणेआधीच घ्यायची, गर्भारपणात त्यांचा आहार व रक्त तपासायचे आणि जन्मलेल्या मुलांचा मागोवा वर्षानुवर्षे घेत राहायचे, अशी त्याची रचना होती. सुमारे आठशे गर्भारपणांची नोंद झाली. शेतात राबणाऱ्या, सडपातळ बांध्याच्या आया आणि त्यांची लहानखुरी बाळे. ही बाळे वजनाला कमी होती, पण त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक होते. पालेभाज्या, फळे व दूध वारंवार खाणाऱ्या आयांची बाळे आकाराने सरस भरली.

१५/२४
रक्ततपासणीने आणखी एक गोष्ट पुढे आणली. विल्स यांच्या मुंबईत जे कमी होते, ते फॉलेट या गावांत फारसे कमी नव्हते. डाळी-भाज्यांतून आणि सरकारी गोळीतून ते मिळत होते. कमी होते ते ब-१२. निम्म्याहून अधिक आयांत त्याची उणीव आढळली. ब-१२ केवळ प्राणिज अन्नातून मिळते. मांसाहार क्वचित आणि दूधही जेमतेम, अशा घरांत ते येणार कोठून? सत्तर वर्षांत, एकाच राज्यात, गरीब गर्भवतीच्या ताटातील उणिवेचे नाव बदलले होते. गोळीतले घटक मात्र १९७० चेच राहिले होते.

१६/२४
२००८ मध्ये या अभ्यासाचा बहुचर्चित निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्यातील इन्सुलिनरोध मोजला गेला. मधुमेहाची ती आगाऊ खूण मानली जाते. ज्या आयांच्या रक्तात फॉलेट जास्त आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत तो सर्वाधिक आढळला. हा निरीक्षणातून दिसलेला संबंध होता. त्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि गर्भवतीने फॉलिक ॲसिड टाळावे असा त्याचा अर्थ मुळीच नाही. फॉलेट आणि ब-१२ शरीरात हातात हात घालून काम करतात, आणि जोडीतील एकाचीच भरती करून दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले तर काय घडते, हा प्रश्न मात्र त्याने जगापुढे ठेवला.

१७/२४
संशोधक तेथे थांबले नाहीत. त्याच गावांतील ती मुले किशोरवयात आल्यावर, २०१२ मध्ये, त्यांतील काहींना दररोज ब-१२ ची अल्प मात्रा देण्याची चाचणी सुरू झाली. मात्रा होती २ मायक्रोग्रॅम, म्हणजे औषधी डोसापेक्षा रोजच्या आहारातील गरजेच्या जवळची. पुढे त्या मुली आई झाल्या. ज्यांना ब-१२ मिळाले होते, त्यांची मुले दोन वर्षांची असताना विकासाच्या काही कसोट्यांत सरस ठरली. आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्यांच्या आरोग्याचा मागोवा एकाच भागात घेणारे असे अभ्यास जगात मोजकेच आहेत.

१८/२४
गोळीऐवजी अन्नच दिले तर? मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात हाही प्रयोग झाला. ‘सरस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकल्पात साडेसहा हजारांच्या आसपास स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला गेला. एका गटाच्या खाऊत पालेभाज्या, फळे व दूध होते, तर दुसऱ्या गटाच्या खाऊत कांदा-बटाट्यासारख्या भाज्या. सर्व बाळांचा एकत्र हिशेब केला तर जन्मवजनात ठोस फरक दिसला नाही. ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू केला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमनी वाढले. गर्भारपणातील मधुमेहही पहिल्या गटात कमी आढळला.

१९/२४
पण याच प्रयोगातील एक आकडा अस्वस्थ करणारा होता. लाभ प्रामुख्याने अंगाने बऱ्या असलेल्या स्त्रियांच्या बाळांना झाला. अतिशय कृश स्त्रियांच्या बाळांना तो झालाच नाही. जिची गरज सर्वांत मोठी, तिच्यापर्यंत लाभ पोचला नाही. सूक्ष्म पोषणद्रव्ये इमारतीतील चुन्यासारखी असतात, विटाच नसतील तर चुना कशाला धरणार? जिला पोटभर अन्नच मिळत नाही, तिची भूक जीवनसत्त्वांनी भरून निघत नाही. पूरक म्हणजे पुरवणी. मूळ ताटच रिकामे असेल तर पुरवणीला अर्थ उरत नाही.

२०/२४
हा झाला उणिवेचा इतिहास. अतिरेकाचाही एक इतिहास आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत, फुप्फुसाचा कर्करोग टळेल या आशेने काहींना बीटा-कॅरोटीन दिले गेले. १९९४ मध्ये निष्कर्ष आला : तो कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेत २००१ मध्ये ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची चाचणी सुरू झाली. प्रोस्टेटचा कर्करोग टळेल अशी आशा होती. लाभाचे चिन्ह न दिसल्याने २००८ मध्ये गोळ्या थांबवण्यात आल्या. पुढील पाठपुराव्यात केवळ ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत तो कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला.

२१/२४
सेलेनियमपुरते बोलायचे तर चीनचा इतिहास बोलका आहे. ईशान्य चीनमधील कशान परगण्याच्या नावाने ओळखला जाणारा हृदयविकार लहान मुलांचे बळी घेत असे. ज्या भागांत तो होई, तेथील मातीत सेलेनियम अत्यल्प होते. १९७४ मध्ये सिच्वान प्रांतात मुलांना सेलेनियमच्या गोळ्या दिल्या गेल्या. गोळी न मिळालेल्या ३,९८५ मुलांपैकी ५४ जणांना तो विकार झाला. गोळी मिळालेल्या ४,५१० पैकी केवळ १० जणांना. त्याच देशात, हूबे प्रांतातील एन्शी भागात, १९६१ ते १९६४ या काळात खेडुतांचे केस आणि नखे गळून पडली. तेथील मातीत दगडी कोळशातून आलेले सेलेनियम अतोनात होते. एका प्रांतात जे औषध, तेच दुसऱ्या प्रांतात विष.

२२/२४
आता पुन्हा शेगाव. हा भाग पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. खाऱ्या पाण्याचा त्रास येथे पिढीजात, त्यामुळे पहिला संशय पाण्यावर गेला. मग बुरशीजन्य संसर्गाची शक्यता तपासली गेली. आयसीएमआरची पथके आली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हेही शोधाला लागले. विंचूदंशावरील उपचारांमुळे जगभर नाव झालेल्या या डॉक्टरांचा जन्म शेजारच्याच जालना जिल्ह्यातला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला : रुग्णांच्या रक्तात सेलेनियम नेहमीच्या ३५ पट, मूत्रात ६० पट आणि केसांत १५० पट होते, जस्त मात्र कमी होते. आणि सेलेनियमचा उगम रेशनच्या गव्हात होता.

२३/२४
त्यांच्या अहवालानुसार त्या गव्हाच्या एका किलोत १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम होते. धुतलेल्या गव्हातही ते १३.६१ मिलिग्रॅम राहिले, म्हणजे दोष वरच्या धुळीचा नव्हता, दाण्याच्या आतला होता. हिशेब सोपा आहे. अशा १०० ग्रॅम गव्हातून, म्हणजे जेमतेम तीन-चार पोळ्यांतून, १,४०० मायक्रोग्रॅमहून अधिक सेलेनियम पोटात जाते. प्रौढ माणसासाठी दिवसाची सुरक्षित कमाल मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम मानली जाते. हा गहू पंजाबकडून आल्याचे सांगण्यात आले. तेथील शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याच्या काही जमिनींत सेलेनियमचे प्रमाण मुळातच अधिक आहे. वऱ्हाडी घरात एकेकाळी आपल्याच शिवारातील ज्वारीची भाकरी होत असे. रेशनच्या गव्हासोबत आता शेकडो मैलांवरची मातीही ताटात येते, आणि ती कोणती, हे खाणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो.

२४/२४
मग पूरकांचा लाभ कोणाला? गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीला फॉलिक ॲसिडचा, तोही आधीपासून. दूध-मांस फारसे न खाणाऱ्याला ब-१२ चा. लोह कमी असलेल्याला लोहाचा. तपासणीत जी उणीव दिसेल, तिच्या पूर्तीचा. उणीव नसलेल्याला बहुधा काहीच नाही, आणि कधी कधी अपाय. ही उत्तरे ज्यांच्या रक्तातून मिळाली, त्या मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांची आणि पुण्याजवळच्या शेतकरी आयांची नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. शेगाव तालुक्यात अनेकांचे केस काही आठवड्यांत पुन्हा उगवले. एप्रिल २०२५ मध्ये काहींची नखे खराब होऊन गळू लागल्याच्या बातम्या आल्या. औषधाच्या दुकानात गोळीच्या पाकिटावर प्रत्येक घटकाचे प्रमाण मायक्रोग्रॅमपर्यंत छापलेले असते. रेशनच्या दुकानातील गव्हाच्या पोत्यावर असे काहीच छापलेले नसते.